महाबळेश्वर ते म्हसवड : एका ढगनकाशाची उलटतपासणी

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरात वर्षाला 5,500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत साधारण 120 किलोमीटर पूर्वेला, म्हसवडला, 500 मिलिमीटर पडला तर ते वर्ष चांगलं म्हणायचं. जिल्हा एक, पावसाळी वारा एक, आणि ढगांचं वागणं असं दोन तऱ्हेचं. म्हसवडच्या माण तालुक्यात किंवा शेजारच्या खटावात कुणालाही विचारा. आभाळ भरून येतं, अंधारून येतं, आणि वारं ढगाला पुढं घेऊन जातं, हेच ऐकायला मिळतं.

भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करणारा माझा एक विद्यार्थी खटाव तालुक्यातला. लहानपणापासून ऐकलेल्या या वाक्याचं त्याला मोजमाप हवं होतं. माणदेशावरून जाणाऱ्या ढगात पाणीच कमी असतं, की पाणी असतं पण थेंब बारीक राहतात? प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही. डॅनियल रोझेनफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 1990 च्या दशकातल्या कामापासून असं धरतात, की ढगाच्या माथ्याजवळ थेंबांची प्रभावी त्रिज्या (सगळ्या थेंबांची मिळून एक प्रकारची सरासरी) 14 मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या 14 हजारांशांच्या, आसपास पोचली की थेंब एकमेकांवर आदळून मोठे होऊ लागतात आणि पावसाची सुरुवात होते. त्याखाली त्रिज्या असेल तर ढग तरंगत राहतो. राज्यात 2003, 2015 आणि 2019 साली कृत्रिम पावसाचे प्रयोग झाले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 2018 आणि 2019 मध्ये माणच्या शेजारच्या सोलापुरात विमानं उडवून ढगबीजनाचा अभ्यास केला. बीजन कोणत्या ढगात करायचं हे ठरवताना ‘पाणी आहे पण थेंब बारीक आहेत’ हीच अट महत्त्वाची असते. म्हणजे 13 की 15 मायक्रॉन, या आकड्यावर पैसा आणि आशा दोन्ही लागलेलं असतं.

त्यासाठी त्याने टेरा आणि अ‍ॅक्वा या दोन उपग्रहांवरच्या मोडिस या उपकरणाची माहिती घेतली. टेरा 18 डिसेंबर 1999 रोजी सुटला आणि अ‍ॅक्वा 4 मे 2002 रोजी. टेरा विषुववृत्त सकाळी साडेदहाच्या सुमारास ओलांडायचा, अ‍ॅक्वा दुपारी दीडच्या (दोन्ही वेळा स्थानिक सूर्यघड्याळाच्या). मोडिसमध्ये वेगवेगळ्या तरंगलांब्यांचे 36 पट्टे आहेत आणि ढगांची तयार उत्पादनं 1 किलोमीटरच्या पिक्सेलमध्ये मिळतात. महाबळेश्वर, वाई, सातारा, कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी, म्हसवड असा एक पट्टा आखून त्याने पावसाळी दिवसांचे नकाशे काढले आणि माझ्यासमोर आणून ठेवले.

नकाशे बघताक्षणी तीन गोष्टी खटकल्या. एका नकाशात थेंबांच्या त्रिज्येचे आडवे पट्टे दिसत होते. माणच्या बाजूला सुट्या ढगांभोवती मोठ्या आणि छोट्या थेंबांच्या जोड्या दिसत होत्या. ढगाच्या एका कडेला फुगलेली त्रिज्या, तर समोरच्या कडेला आक्रसलेली. तिसरी गोष्ट सगळ्यांत मोहात पाडणारी: अनेक वर्षांचा आलेख काढला तर घाटावरचे, म्हणजे महाबळेश्वरकडचे, ढग वर्षागणिक पातळ होत चाललेले आणि माणावरचे जवळपास जिथल्या तिथे. सह्याद्रीचा पाऊस आटतोय अशी बातमी त्या आलेखावर सहज उभी राहिली असती.

“मॅडम, हा कल खरा असेल तर कोयनेच्या दृष्टीने फार गंभीर आहे,” तो म्हणाला.

“आधी उपकरणाला विचारू, मग ढगाला,” मी म्हणाले. पुढचं सगळं काम या एका क्रमावर झालं.

प्रकाशातून पाणी कसं काढतात

ढगातलं पाणी उपग्रहाला दिसत नाही, त्याला फक्त परत आलेला प्रकाश दिसतो. तेरुयुकी नाकाजिमा आणि मायकेल किंग यांनी 1990 साली मांडलेल्या पद्धतीत दोन तरंगलांब्या एकत्र वापरतात. एक अशी, जी पाणी शोषत नाही, जमिनीवरच्या ढगांसाठी 0.65 मायक्रॉनचा लाल प्रकाश वापरतात. तिच्या उजेडावरून ढगाची प्रकाशीय जाडी, म्हणजे ढग प्रकाशाला किती अडवतो ते, कळते. दुसरी अशी, जी पाणी थोडी शोषतं, 1.6, 2.1 किंवा 3.7 मायक्रॉन. थेंब मोठा असेल तर शोषण जास्त होतं आणि त्या पट्ट्यात ढग काळपट दिसतो, त्यावरून त्रिज्या काढतात. दोन्हींचा गुणाकार करून त्याला दोन तृतीयांशाने गुणलं की प्रत्येक चौरस मीटरवर किती ग्रॅम द्रवपाणी आहे ते मिळतं. जाडी 10 आणि त्रिज्या 12 मायक्रॉन असेल तर 80 ग्रॅम.

या साखळीत दोन जागा नाजूक आहेत. पहिली म्हणजे जाड ढगाचा उजेड. भिंतीला चुन्याचा पहिला हात डोळ्यांत भरतो, पाचवा हात दिल्याचं कळतही नाही. ढगाचंही तसंच आहे. जाडी वाढत जाते तसा उजेड वाढायचा थांबतो. दुसरी नाजूक जागा उलट्या टोकाला आहे. पातळ, तुटक ढगांत, दोन उजेडांच्या आलेखावर वेगवेगळ्या त्रिज्यांच्या रेषा एकमेकींना चिकटतात आणि खालची जमीन मधे डोकावते. घाटावर पहिली अडचण येते आणि माणात दुसरी. जिल्ह्याच्या दोन टोकांना उपकरणाचा एकच दोष दोन वेगळ्या आकड्यांमधून बाहेर पडतो, आणि आम्हाला मोजायचा होता तो नेमका या दोन टोकांमधला फरक. प्रकरणाचा गाभा इथे आहे, म्हणून पुढे तिन्ही खटकणाऱ्या गोष्टींना सारखा वेळ दिलेला नाही.

पट्टे

हे लवकर सुटलं. मोडिस एक फिरता, दोन तोंडांचा आरसा वापरून जमीन झाडून काढतो. एका फेरीत उड्डाणाच्या दिशेने 10 किलोमीटर रुंदीची पट्टी पाहिली जाते. 1 किलोमीटरच्या पट्ट्यांना त्यासाठी 10 डिटेक्टर असतात, 500 मीटरच्या पट्ट्यांना 20. प्रत्येक डिटेक्टरचा स्वभाव किंचित निराळा. त्यात आरशाची दोन तोंडंही सारखी नसतात. कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे उपकरणाचे आकडे प्रमाणाशी जुळवताना, हा फरक पूर्ण मिटला नाही तर नकाशावर रेघा उमटतात.

आमच्या नकाशातला पट्टा दर 10 किलोमीटरला पुन्हा येत होता. सातारा जिल्ह्यातला कुठलाही डोंगर, नदी किंवा वाऱ्याची वाट दर 10 किलोमीटरला सारख्या अंतराने येत नाही. यवतेश्वरचं पठार तिथे संपतं आणि चाळकेवाडीचं सुरू होतं ते आपापल्या भूगोलाने. मोजपट्टीवर आखल्यासारखा फेर दिसला की बोट उपकरणाकडे दाखवावं.

तो नकाशा अ‍ॅक्वाच्या 1.6 मायक्रॉनच्या त्रिज्येचा होता. अ‍ॅक्वावरच्या मोडिसचा हा सहावा पट्टा सुरुवातीपासूनच लंगडा आहे: 20 पैकी 15 डिटेक्टर बंद किंवा निरुपयोगी इतके गोंगाटी आहेत. म्हणूनच बर्फाच्छादनाच्या कामातही अ‍ॅक्वासाठी 2.1 मायक्रॉनचा पट्टा घेण्याची पद्धत पडली. मूळ उत्पादनात या ओळी रिकाम्याच असतात. पण नकाशा काढणाऱ्या सॉफ्टवेअरने रिकाम्या ओळी शेजारच्यांवरून भरून टाकल्या होत्या, त्यामुळे चार-पाच खऱ्या ओळींची सावली बाकीच्यांवर पसरली होती. रिकामी जागा रिकामी दिसली असती तर कुणीही थांबून विचार केला असता. भरलेली जागा फसवते.

1.6 चा हट्ट का धरायचा, हेही सांगायला हवं. 3.7 मायक्रॉनचा प्रकाश ढगाच्या अगदी माथ्यावरून परततो, 2.1 थोडा आत जाऊन, 1.6 आणखी आत जाऊन. तीन त्रिज्या शेजारी ठेवल्या तर थेंब वर जाताना मोठे होतायत का, याचा अंदाज येतो. आमच्या प्रश्नाला तो उपयोगी होता. पण अ‍ॅक्वासाठी तो सोडून द्यावा लागला. सकाळच्या फेरीसाठी टेराचा 1.6 घेतला, दुपारसाठी ऑक्टोबर 2011 मध्ये सुटलेल्या सुओमी एनपीपी उपग्रहावरचं विअर्स हे उपकरण पाहिलं. त्यालाही स्वतःचं दुखणं आहे. त्याच्या दुर्बिणीच्या आरशांवर टंगस्टन ऑक्साइडचं प्रदूषण निघालं आणि अतिनील प्रकाशात ते काळवंडत गेल्यामुळे निकट-अवरक्त (लालच्या लगेच पलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या) पट्ट्यांची संवेदनक्षमता सुरुवातीच्या काळात भराभर घसरली. हे वेळीच पकडून दुरुस्त्या बसवल्या गेल्या. निर्दोष पर्याय आकाशात नाही. कुणाचा दोष माहीत आहे आणि तो किती जपून हाताळला आहे, एवढंच पाहून निवड करता येते.

माणातल्या जोड्या

या भागाने सर्वांत जास्त वेळ घेतला, आणि घ्यायलाच हवा होता, कारण माणचं उत्तर या ढगांवर अवलंबून होतं.

दहिवडी-म्हसवडच्या आभाळात पावसाळ्यातल्या दुपारी सुटे, कापसाच्या पुंजक्यांसारखे ढग पुष्कळ असतात. एक-दोन किलोमीटरचे. अशा ढगाच्या एका कडेला त्रिज्या 20 मायक्रॉनच्या पुढे उडी मारायची आणि दुसऱ्या कडेला ती कोसळायची किंवा उत्तरच यायचं नाही. पहिला संशय सावलीवर गेला, आणि तो रास्त होता. ढगाची उन्हातली बाजू अपेक्षेपेक्षा उजळ दिसते, सावलीतली बाजू काळपट. पद्धत मात्र ढग सपाट आहे असं धरून चालते. काळपटपणाला ती मोठे थेंब समजते. हा दोष उपकरणाचा नाही, गृहीतकाचा आहे.

मग सूर्य कुठे होता ते पाहिलं. सातारा पूर्व रेखांश 74 अंशांवर, म्हणून ऑगस्टच्या मध्यात इथला सूर्य माध्यान्हीला येतो तो आपल्या घड्याळात सुमारे 12 वाजून 38 मिनिटांनी. अ‍ॅक्वाच्या फेरीच्या वेळी सूर्य डोक्यापासून साधारण 22 अंश पश्चिमेला कललेला असतो आणि टेराच्या फेरीला जवळजवळ तेवढाच पूर्वेला. म्हणजे जोड्या सावलीमुळे असतील तर दोन उपग्रहांत त्यांची दिशा उलटायला हवी, आणि ठळकपणा सारखा असायला हवा. तसं झालं नाही. अ‍ॅक्वात जोड्या ठळक होत्या, टेरात पुसट. सूर्य इतका वर असताना सावलीचा वाटा तसाही थोडाच असतो.

अ‍ॅक्वाच्या मोडिसमध्ये एक दोष उड्डाणाआधीपासून ठाऊक आहे. दृश्य व निकट-अवरक्त पट्ट्यांचे डिटेक्टर उबदार पट्टिकांवर आहेत, तर 1.6 आणि 2.1 मायक्रॉनसकट पुढच्या तरंगलांब्यांचे डिटेक्टर थंड पट्टिकांवर. या दोन गटांची नजर जमिनीवर अगदी एकाच जागी पडत नाही. सुमारे 300 मीटरचा सरकाव आहे. टेरात तो बराच कमी. 1 किलोमीटरच्या पिक्सेलमध्ये 300 मीटर म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा. घाटावरच्या सलग ढगावर याने काही बिघडत नाही, कारण 300 मीटर पलीकडेही तोच ढग असतो. माणातल्या पुंजक्यावर मात्र लाल पट्टा ढग बघत असतो आणि 2.1 चा पट्टा अर्धा ढग आणि अर्धी जमीन. लाल उजेड भरपूर, 2.1 चा उजेड कमी: पद्धत म्हणते थेंब मोठे. समोरच्या कडेला नेमकं उलट.

खातरी करायला 500 मीटरची मूळ माहिती घेऊन दोन प्रतिमा एकमेकींवर थोड्या थोड्या सरकवून पाहिल्या. एका ठरावीक दिशेला, अर्ध्या पिक्सेलच्या आसपास सरकवल्यावर जोड्या फिक्या पडल्या. उलट दिशेला सरकवल्यावर गडद झाल्या. निदान पक्कं झालं.

तरी एक गुंता उरतो. माणची जमीन. घाटावर पावसाळ्यात खाली हिरवंगार असतं आणि ओला हिरवा पाला 2.1 मायक्रॉनमध्ये काळपट दिसतो. माणात पाऊस लांबला की शेतं उघडी पडतात, आणि कोरडी माती त्याच पट्ट्यात चांगली उजळ दिसते. समुद्रावरच्या तुटक ढगांबद्दल सर्वसाधारण अनुभव असा, की अर्धवट भरलेल्या पिक्सेलमध्ये त्रिज्या फुगून येते. उजळ मातीवर तो नियम लावता येत नाही. तिथे त्रिज्या कमी येण्याचाही धोका आहे. म्हणून ‘माणातले थेंब मोठे’ किंवा ‘माणातले थेंब बारीक’ यांपैकी कुठलाही निष्कर्ष अर्धवट पिक्सेलांवरून काढायचा नाही, असं ठरवलं. पिक्सेल पूर्ण ढगाने भरलेला हवा आणि त्याच्या चारही बाजूंचे पिक्सेलही ढगाळ हवेत, ही अट घातली. दहिवडीच्या पूर्वेला या अटीने बहुतेक ठिपके गळाले. विद्यार्थ्याला वाईट वाटलं, ते स्वाभाविक होतं. त्याच्याच गावाकडचा नकाशा पांढरा पडला होता.

पातळ होत जाणारा घाट

आता तो मोहात पाडणारा कल. त्यातली सुरुवातीची वर्षं विभागातल्या जुन्या हार्डडिस्कवरून आली होती. आधीच्या एका विद्यार्थिनीने उतरवून ठेवलेली, मोडिसच्या पाचव्या संग्रहातली टेराची माहिती. मोडिसची सगळी माहिती वेळोवेळी नव्या कॅलिब्रेशनने पुन्हा काढतात. सध्याचा वापरातला ढगांचा संग्रह 6.1 आहे.

टेराचं काय झालं होतं ते समजून घेण्यासारखं आहे. अंतराळात आरसा हळूहळू मळतो, अतिनील प्रकाशाने त्याचा रंग बदलतो, आणि छोट्या तरंगलांब्यांत हा परिणाम जास्त जाणवतो. ही घसरण मोजायला उपकरणात सूर्यप्रकाश पसरवणारा एक पांढरा फलक असतो. 2003 मध्ये टेरावरच्या त्या फलकाच्या दाराची यंत्रणा बिघडली आणि दार उघडंच ठेवावं लागलं. मग फलकावर सतत ऊन पडून तोच वेगाने खराब होऊ लागला. दुसरा आधार चंद्राचा. पण फलक आरशातून एका कोनात दिसतो, चंद्र दुसऱ्या. आरसा जमीन बघतो तेव्हा तो या दोन्हींखेरीज कितीतरी कोनांत फिरतो, आणि आरशाची झीज प्रत्येक कोनात सारखी नसते. मधल्या कोनांचा हिशेब अंदाजाने भरावा लागायचा. पाचव्या संग्रहात त्यामुळे टेराच्या काही पट्ट्यांत वर्षागणिक सरकत जाणारी चूक राहून गेली. सहाव्या संग्रहात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटांचा आधार घेतला गेला, कारण तिथल्या वाळूचा उजेड वर्षानुवर्षं फारसा बदलत नाही.

छोटीशी चूक घाटावरच मोठी का दिसते, हे आकड्यांत बघू. ढगाच्या परावर्तनाचं एक सोपं सूत्र आहे: प्रकाशीय जाडीला 0.15 ने गुणायचं आणि आलेल्या संख्येला त्याच संख्येत 2 मिळवून भागायचं. थेंब प्रकाश बहुतांशी पुढेच फेकतात, म्हणून 0.15. या हिशेबाने जाडी 5 असेल तर परावर्तन 0.27, जाडी 10 ला 0.43, जाडी 50 ला 0.79 आणि 100 ला 0.88. आता समजा उपकरण सगळीकडे 3 टक्के कमी उजेड मोजतंय. उलट हिशेब करा. 5 च्या जागी 4.8 मिळतात. 10 च्या जागी 9.5. पण 50 च्या जागी सुमारे 44, आणि 100 च्या जागी 79.

दोष एकच, 3 टक्क्यांचा. माणातला पातळ ढग 4 टक्क्यांनी चुकला, घाटावरचा जाड ढग 13 टक्क्यांनी. त्रिज्या 14 मायक्रॉन धरली तर 50 जाडीच्या ढगात चौरस मीटरला 467 ग्रॅम पाणी यायला हवं, ते 407 येतं. 10 पट असलेला घाट-माण फरक 9 पटींवर येतो. ही चूक दरवर्षी थोडी थोडी वाढत असेल तर घाटाचा आलेख उतरता दिसणार आणि माणाचा जवळपास सपाट. हवामानबदलाच्या गोष्टीत असतं तसंच चित्र, आणि त्यात हवामानाचा काही हात नाही. मोडिसच्या या पट्ट्यांच्या परावर्तनाची अपेक्षित अचूकताच मुळात 2 टक्क्यांची आहे. तेव्हा 3 टक्के हा काही ओढूनताणून घेतलेला आकडा नाही.

जुन्या फाइली बाजूला ठेवून सगळी वर्षं 6.1 संग्रहातून घेतली, आणि टेराशेजारी अ‍ॅक्वाचा आलेख ठेवला. उतरता कल राहिला नाही. कोयनेच्या पाण्याची काळजी करायला दुसरी कारणं असतील. हा आलेख त्यांपैकी नव्हता.

याच ओघात आणखी दोन जागी सावध राहावं लागलं. फेब्रुवारी 2016 मध्ये टेरा उपग्रह सुरक्षित अवस्थेत गेला होता आणि परत सुरू झाल्यावर 8.6 मायक्रॉनच्या पट्ट्यात शेजारच्या पट्ट्यांचा विद्युत संकेत झिरपण्याचं प्रमाण एकदम वाढलं. ढगाचा माथा पाण्याचा की बर्फाचा हे ठरवताना 8.6 आणि 11 मायक्रॉनच्या तापमानांमधला फरक बघतात. घाटावर पावसाळ्यात खालचे उबदार ढग आणि वर विरळ बर्फाळ ढग असा थर अनेकदा असतो, तिथे ही झिरप निकाल फिरवू शकते. बर्फ समजलेल्या ढगाची त्रिज्या वेगळ्या कोष्टकातून काढली जाते, म्हणजे चूक पुढे वाहत जाते. 6.1 संग्रहात यावर दुरुस्ती केलेली आहे. दुसरं म्हणजे फेरीची वेळ. टेराची कक्षा जपण्याचे प्रयत्न 2020 नंतर आणि अ‍ॅक्वाचे 2021 नंतर थांबले. तेव्हापासून टेरा हळूहळू लवकर येतोय आणि अ‍ॅक्वा उशिरा. दुपारी एक-एक तासाने ढग बदलणाऱ्या माणात हे फार जाणवेल. म्हणून आमचा आलेख 2021 च्या पावसाळ्यावर थांबवला.

जमिनीवरून काय तपासता आलं

महाबळेश्वरची सोय अशी, की पावसाळ्यात ढग स्वतःच जमिनीवर उतरतो. पुण्याच्या त्याच उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची उच्चस्थानीय ढगभौतिकी प्रयोगशाळा 2012 पासून तिथे आहे आणि मांढरदेवच्या डोंगरावर तिचं एक्स-बँड रडारही. ढगाच्या आत उभं राहून थेंब मोजता येतील अशा जागा देशात मोजक्याच आहेत आणि त्यांतली एक आपल्या जिल्ह्यात आहे, याचं मला मनापासून अप्रूप वाटतं. पण तुलना सरळ नाही. जमिनीवरचं यंत्र ढगाच्या तळाजवळचे थेंब मोजतं, उपग्रह माथ्याजवळचे. थेंब वर जाताना वाढतात, म्हणून दोन आकडे जुळले तर उलट शंका घ्यावी. यंत्र एका जागी मिनिटामिनिटाला मोजतं, उपग्रह अख्खा चौरस किलोमीटर एका क्षणी. जमिनीवरचा आकडा उपग्रहाच्या आकड्यापेक्षा कमी असावा, एवढी एक चाचणी मात्र त्यातून मिळते, आणि ती स्वस्त आहे.

माणात अशी जागा नाही. तिथे ढग डोक्यावरून दोन-तीन किलोमीटर उंचीवरून जातो आणि शिखर शिंगणापूरचा डोंगरही त्याला पोचत नाही. म्हणजे जिथे उपग्रहाची चूक सर्वांत अवघड, तिथेच पडताळणी सर्वांत कमी.

इन्सॅट-3डीआर वापरून पाहावा असंही वाटलं. सप्टेंबर 2016 मध्ये सुटलेला हा उपग्रह 74 अंश पूर्वेला, म्हणजे साताऱ्याच्याच रेखांशावर, स्थिर आहे. आपल्याला तो डोक्यापासून सुमारे 21 अंश दक्षिणेला दिसेल. दर अर्ध्या तासाला प्रतिमा, हा त्याचा मोठा गुण. दृश्य आणि 1.6 मायक्रॉनच्या आसपासचे पट्टे 1 किलोमीटरचे, पण 3.9 मायक्रॉन आणि उष्णतेचे पट्टे 4 किलोमीटरचे आहेत, त्यांत माणातला पुंजका विरघळून जातो. ढग कधी जमला आणि कुठे गेला हे बघायला त्याची मदत घेतली, थेंब मोजायला घेतली नाही.

शेवटी नकाशावर काय उरलं

अंतिम नकाशात घाटावर प्रकाशीय जाडी 50 च्या वर गेली की आकडा लिहिला नाही, ‘50 पेक्षा जास्त’ एवढंच लिहिलं. तिथल्या सलग ढगांतली त्रिज्या मात्र ठेवली. जाड ढगासाठी साध्या हिशेबाने 2.1 मायक्रॉनच्या उजेडातली 3 टक्के चूक 14 मायक्रॉनच्या त्रिज्येत सुमारे 1 मायक्रॉनची चूक घालते, म्हणून 13 ते 15 हा पट्टा वेगळ्या रंगात दाखवून त्याला ‘अनिर्णित’ म्हटलं. पावसाच्या उंबरठ्यावरचा आकडा अनिर्णित ठेवणं काहींना पळवाट वाटेल. बीजनाचं विमान उडवायचं की नाही ते या रंगावरून ठरणार असेल, तर ही पळवाट नाही.

साताऱ्यापासून पुसेगावपर्यंतचा मधला भाग सर्वांत भरवशाचा निघाला, याची आम्हा दोघांनाही आधी कल्पना नव्हती. तिथले ढग पुरेसे सलग, पण घाटाइतके जाड नाहीत. दोन्ही दोष तिथे कमी चावतात. पूर्वेकडे जाताना ढगातलं पाणी घटत जातं हे तिथे नीट दिसतं. थेंबांच्या आकाराबद्दल मात्र तिथला बराच भाग अनिर्णित रंगातच आहे.

माणातल्या सुट्या ढगांसाठी विद्यार्थ्याने आता सेंटिनेल-2 कडे मोर्चा वळवला आहे. जून 2015 पासूनच्या या मालिकेत लाल पट्टा 10 मीटरचा आणि 1.6 व 2.2 मायक्रॉनचे पट्टे 20 मीटरचे आहेत, त्यामुळे पुंजक्याची कड आणि त्याचं पोट वेगळं काढता येतं. उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमारासच येतो, उष्णतेचा पट्टा त्यात नाही, आणि त्याचे वेगवेगळे पट्टे एकच जागा क्षणभराच्या फरकाने, किंचित वेगळ्या कोनांतून बघतात. जमिनीसाठी हा फरक दुरुस्त केलेला असतो. उंचावरच्या ढगासाठी नसतो, म्हणून त्याच्या प्रतिमांत ढगांच्या कडांना रंगीत किनार दिसते. ही किनार ढगाच्या उंचीनुसार बदलते. तेव्हा आधी प्रत्येक ढगाची उंची काढायची, त्या उंचीसाठी पट्टे पुन्हा जुळवायचे, आणि मगच त्रिज्येला हात घालायचा, असं काम आखलं आहे. पहिली प्रतिमा त्याने म्हसवडच्या राजेवाडी तलावावरची निवडली आहे, कारण तलावाचं पाणी 1.6 आणि 2.2 या दोन्ही पट्ट्यांत जवळपास काळं दिसतं आणि मातीच्या उजेडाचा प्रश्न तेवढ्यापुरता तरी बाजूला राहतो.